तीन बंदुका, एक टायमर

"आर यू रेडी?" पंच विचारतो. नेमबाज मान डोलावतो. "स्टँड बाय." मग एक ते चार सेकंदांची शांतता आणि पंचाच्या हातातल्या टायमरचा कर्कश बीप. रायफलीनं दोनशे यार्डांवरच्या पोलादी पाट्या वाजवायच्या, सेफ्टी लावून रायफल शेजारच्या पिंपात ठेवायची, धावत पुढच्या टेबलापाशी जाऊन शॉटगन उचलायची. तिनं आठ-दहा पाट्या पाडायच्या. त्यातली एखादी पडता पडता मातीची तबकडी हवेत भिरकावते, तिलाही टिपायचं. वाटेत चालता चालता काडतुसं भरायची. मग शॉटगन दुसऱ्या पिंपात, आणि कमरेचं पिस्तूल काढून लाकडी आडोशांमागच्या कागदी लक्ष्यांकडे. मुरलेला नेमबाज हे सगळं मिनिटाभरात उरकतो. नवख्याला दोन मिनिटं पुरत नाहीत.

अमेरिकेत या खेळाला मल्टिगन किंवा थ्री-गन म्हणतात. मराठी वाचकाला नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आठवतात, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे. स्वप्नीलच्या खेळात बंदूक एक आणि शरीराच्या अवस्था तीन: गुडघ्यावर बसून, पालथं पडून, उभं राहून. श्वास, नाडी, चाप, सगळं शांत करत न्यायचं. मल्टिगनमध्ये बंदुकाच तीन, शरीर सतत पळतं आणि श्वास फुललेला असतानाच नेम साधावा लागतो. दोन्हीकडे अचूकतेला सुटका नाही. इथं तिच्या मागे घड्याळ लागलेलं असतं, एवढंच.

खेळाचं मूळ शोधायचं तर १९७६ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी भरलेल्या परिषदेतून आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग ही तिच्या लॅटिन ब्रीदातली त्रिसूत्री. १९८४मध्ये तिची अमेरिकेतली शाखा, यूएसपीएसए, रीतसर उभी राहिली. हे सगळं मुख्यतः पिस्तुलाचं जग होतं. तीन बंदुकांना लोकप्रियता मिळाली ती 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' या मासिकानं लास वेगासला भरवलेल्या सामन्यांमुळे. पुढे ॲरिझोनातल्या मेसा इथल्या रिओ सलाडो क्लबवरचा 'सुपरस्टिशन माउंटन मिस्टरी' आणि केंटकीतल्या रॉककॅसल रेंजवरचा प्रो-ॲम सामना अशी ठिकाणं नावारूपाला आली.

गुणमोजणीत बहुतेक ठिकाणी 'वेळ अधिक दंड' हा हिशेब चालतो. कागदी लक्ष्यावर मध्यभागी एक गोळी किंवा कुठेही दोन गोळ्या लागल्या की ते बाद. लक्ष्य अर्धवट राहिलं तर काही सेकंदांचा दंड, त्याच्याकडे गोळी झाडलीच नाही तर आणखी मोठा. दंडाचे आकडे सामन्यागणिक बदलतात. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी त्याला त्या स्टेजचे, म्हणजे सामन्यातल्या त्या टप्प्याचे, शंभर गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. त्यामुळे एका स्टेजवर आपटी खाल्लेला माणूसही उरलेल्या स्टेजेसमध्ये सावरू शकतो. नवख्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

आता सामानाचा प्रश्न. तो इथं पहिल्या दिवसापासून छळतो, कारण तीन बंदुका म्हणजे तीन प्रकारची काडतुसं, पट्टा, मॅगझिनचे खिसे, दुर्बीण आणि हे सगळं एका स्टेजवरून दुसरीकडे नेणारी हातगाडी. हौस दांडगी आणि अनुभव शून्य, अशा अवस्थेत दुकानात शिरलेला माणूस हजारो डॉलर घालवतो आणि अर्ध्याहून जास्त वस्तू वर्षभरात विकायला काढतो. म्हणून जुने खेळाडू सांगतात तो क्रम पाळावा: आधी सामना बघायचा, मग जे घरात आहे किंवा उसनं मिळेल ते घेऊन खेळायचं आणि मगच खरेदी. उसनं मिळतंही. स्क्वॉडमधला, म्हणजे सोबत खेळणाऱ्या तुकडीतला, अनोळखी माणूस आपली शॉटगन आणि मूठभर काडतुसं पुढे करतो, हे या खेळात नवलाचं नाही.

सामानावरून ठरणारा गट निवडतानाही हेच धोरण कामी येतं. 'ओपन' गटात जवळपास सगळं चालतं: एकाहून अधिक दुर्बिणी, मॅगझिननं भरणारी शॉटगन, पिस्तुलावर धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर. 'लिमिटेड'मध्ये दृष्टी वाढवणारी दुर्बीण नाही. 'हेवी मेटल' हा जुन्या वळणाचा गट: .३०८ची रायफल, .४५चं पिस्तूल आणि हातानं मागेपुढे ओढायची पंप शॉटगन. या सगळ्यांच्या मधोमध 'टॅक्टिकल' गट आहे. त्यात दुर्बीण फक्त रायफलीवर असते, ही त्याची पारंपरिक ओळख. सर्वाधिक गर्दी तिथंच असते आणि नवख्यानंही तिथंच उतरावं. .२२३ची एआर-१५ रायफल आणि ९ मिलिमीटरचं पिस्तूल अनेक अमेरिकन घरांत आधीपासून असतं. खरेदी उरते ती शॉटगनची.

आणि या खेळात माणसाची खरी परीक्षा शॉटगनच घेते. पिस्तूल आणि रायफल मॅगझिननं भरतात: रिकामं खाली पडतं, भरलेलं वर जातं, दीड-दोन सेकंदांत काम होतं. ओपन सोडल्यास बाकी गटांत शॉटगनच्या नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं हातानंच सरकवावी लागतात. टॅक्टिकल गटात सुरुवातीला साधारण नऊच काडतुसं भरलेली ठेवता येतात आणि स्टेजवर लक्ष्यं वीस असू शकतात. म्हणजे उरलेली अकरा घड्याळ चालू असताना भरायची. सामना हातातून जातो तो बहुतेकदा या अकरा काडतुसांत.

मुरलेले खेळाडू ती कशी भरतात हे जवळून बघण्यासारखं आहे. पट्ट्यावरच्या किंवा छातीवरच्या धारकात काडतुसं जोडीजोडीनं लावलेली असतात: एकावर एक दोन आणि त्यांच्या शेजारी तशीच आणखी दोन. हात तिथं जातो आणि चारही एका पकडीत उचलतो. तोवर शॉटगन उलटी होऊन खांद्यापाशी आलेली असते, पोट वर. अंगठा पहिल्या जोडीच्या बुडावर येतो, एका दाबात दोन्ही काडतुसं नळकांड्यात शिरतात. हात किंचित मागे येतो आणि दुसरी जोडी जाते. याला क्वाड लोड म्हणतात. सराईत हात हे काम अडीच-तीन सेकंदांत करतो आणि त्या वेळात पाय पुढच्या जागेकडे चाललेले असतात. नवख्याची काडतुसं मातीत घरंगळतात, आणि वाकून ती उचलण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

म्हणून शॉटगन घेताना नळीच्या झळाळीपेक्षा तिचं पोट पाहावं. काडतूस सरकवायची फट रुंद आणि गुळगुळीत आहे का? काडतूस वर उचलणारा आतला लिफ्टर अंगठ्याला चावतो का? काही बंदुकांत तो खरोखर रक्त काढतो, आणि बंदुकीचा कारागीर फट घासून, लिफ्टरला आकार देऊन हा दोष घालवतो. चांगल्या शॉटगनवर केलेला हा खर्च महागड्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी जास्त परतावा देतो.

आतल्या यंत्रणेचाही विचार करावा लागतो. बेनेली एम२ ही बंदूक धक्क्याच्या जोरावर चालते: गोळी सुटताना बंदूक मागे येते, आतला जड बोल्ट क्षणभर जागीच राहतो, त्यांच्यामध्ये स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्या उसळीनं बोल्ट मागे जाऊन पुढचं काडतूस येतं. आत धूर जात नाही, त्यामुळे ती स्वच्छ राहते. पण तिच्यावर वजन लादत गेलं की धक्का मंदावतो आणि हलकी काडतुसं अडकू लागतात. बेरेटा १३०१ नळीतल्या वायूवर चालते, खांद्याला मऊ लागते, साफसफाई मात्र जास्त मागते. कमी पैशांत धक्क्यावर चालणारी बंदूक हवी तर तुर्कस्तानात बनणारी स्टोगर एम३००० आहे. ती बेनेलीच्याच कंपनी-परिवारातली. एखादा नवखा तिच्यावर पहिले दोन-तीन हंगाम सुखानं काढू शकतो.

एकाच शॉटगनमधून बारीक छर्रेही जातात आणि स्लग ही एकसंध जड गोळीही. छर्रे किती पसरतात हे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या चोकवर ठरतं. पंधरा यार्डांवरच्या पाटीला सैल चोक पुरतो, चाळीस यार्डांवर घट्ट लागतो. प्रत्येक चोक लावून, आपल्याच काडतुसांनी, मोठ्या कागदावर छऱ्यांचा पसारा एकदा पाहून ठेवावा. स्लग कुठे लागते हेही ५० आणि १०० यार्डांवर तपासावं, कारण ती बहुधा नेमाच्या जागी लागत नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: छऱ्यांसाठी ठेवलेल्या जवळच्या पोलादावर स्लग मारली तर बहुतेक सामन्यांत माणूस तिथंच बाद होतो, कारण तुकडे उलटून माणसांवर येतात.

रायफलीबद्दल कमी बोललं तरी चालेल. एक ते सहापट मोठं दाखवणारी दुर्बीण बहुतेकांना पुरते. एकपट जवळच्या कागदांसाठी, सहापट लांबच्या पोलादासाठी. ५० यार्डांवर नेम जुळवलेली .२२३ रायफल २०० यार्डांच्या आसपास पुन्हा त्याच रेषेवर येते, त्याच्या पलीकडे गोळी किती खाली जाते ते कागदावर लिहून बटाला चिकटवावं. पिस्तुलाच्या बाबतीत काळजी घ्यायची ती होल्स्टरची. खेळाडू धावतो, पालथा पडतो, बोगद्यातून रांगतो. या धावपळीत पिस्तूल निसटून जमिनीवर पडलं की सामना संपला. कुलूप असलेलं होल्स्टर ही या खेळातली चैन नव्हे, गरज आहे.

सुरक्षेचे नियम खेळाच्या हाडात आहेत. पंचाच्या आज्ञेशिवाय रेंजवर एकही बंदूक भरलेली नसते. रायफल आणि शॉटगनच्या चेंबरमध्ये रंगीत झेंडा खोचलेला दिसावा लागतो. नळीचं तोंड १८० अंशांच्या काल्पनिक रेषेमागे गेलं, धावताना बोट चापावर राहिलं किंवा भरलेली बंदूक सेफ्टी न लावता पिंपात गेली, तर बाद. तिथं वशिला चालत नाही. राष्ट्रीय विजेतेही असे बाद होऊन घरी गेले आहेत.

अनुभवाचा मोठा हिस्सा गोळी न झाडता मिळतो. प्रत्येक स्टेजआधी साधारण पाच मिनिटं चालत पाहणी करू देतात. जाणकार तेव्हा डोळे मिटून हातवारे करताना दिसतात: कुठे थांबायचं, कोणती पाटी कुठून दिसते, किती काडतुसं उरतील, कुठल्या पावलावर भरायची. नवख्यानं स्क्वॉडमध्ये पहिला नंबर घेऊ नये. चार जणांचं बघून मग उभं राहावं. आपली पाळी झाली की पाट्या उभ्या करणं आणि कागदी लक्ष्यांवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावणं हे सगळ्यांचं काम. ते टाळणाऱ्याला पुढच्या वेळी उसनी शॉटगन मिळणार नाही. शिवाय कोणाची गोळी कुठे आणि का चुकली हे लक्ष्याजवळ गेल्यावरच कळतं.

घरी सराव करायचा तो खऱ्या दारूगोळ्याला खोलीबाहेर ठेवून. बनावट काडतुसं, रिकामी शॉटगन आणि पुढ्यात पलंग, म्हणजे निसटलेली काडतुसं गादीवर पडतात. रोज दहा-पंधरा मिनिटं एवढा सराव करणारा माणूस दोन-तीन महिन्यांत नव्या बंदुकीपेक्षा जास्त सेकंद वाचवतो. हाताच्या कसबाचं एक उदाहरण: लुइझियानाच्या जेरी मिक्युलेकनं १९९९मध्ये रिव्हॉल्व्हरनं सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या असा विक्रम २.९९ सेकंदांत केला. मिक्युलेक पुढे थ्री-गनमध्येही गाजला, मॉसबर्गनं ९३० शॉटगनची एक आवृत्ती त्याच्या आद्याक्षरांनी काढली आणि त्याची मुलगी लीना महिला गटातली जगज्जेती ठरली. अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकात तयार झालेल्या डॅनियल हॉर्नरनं मल्टिगनचं राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळवलं. दोघांच्या हातात कोणतीही नीट चालणारी बंदूक दिली तरी निकाल फारसा बदलणार नाही.

भारतात हा खेळ याच रूपात रुजणं अवघड आहे. एआर-१५सारखी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात. क्रीडा-नेमबाजांसाठीच्या तरतुदी वेगळ्या आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र एक गोष्ट आधी तपासावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत आणि रेंजवर उसनी बंदूक हातात घेणंही त्या मनाईत येऊ शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही; तरी राज्याराज्याचे नियम वेगळे, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात दहा गोळ्यांहून मोठ्या मॅगझिनवर बंदी आहे. शंका असेल तर वकिलाला विचारावं आणि तोवर प्रेक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून जावं. जवळच्या क्लबला फोन करून पुढचा सामना कधी आहे विचारा, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना मफ लावून जा आणि दिवसभर चिकटपट्ट्यांचं रीळ हातात ठेवा. पाकीट त्यानंतर उघडा.