प्लेट उलटी करून बघा

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि गटातल्या एका आजींनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली प्लेट काढली. पांढरी, निळ्या नक्षीची, काठाचा टवका उडालेली. त्यांचे सासरे मुंबईत एका इंग्रज साहेबाकडे खानसामा होते. साहेब जाताना एकसारख्या बारा प्लेटा देऊन गेला. त्यातल्या अकरा आजींनी भांडीवालीला दिल्या आणि स्टीलचे दोन डबे घेतले. बारावी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून राहिली. आता नातवानं मोबाईलवर बघून सांगितलं, की हातानं रंगवलेल्या जुन्या विलायती प्लेटा लाखांना जातात. तेव्हापासून आजींच्या डोळ्याला डोळा नाही. "मी घर बुडवलं का, एवढं सांगा," म्हणाल्या.

आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? मग आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

आपण चिनी माती म्हणतो, त्या नावातच अर्धी गोष्ट आहे. ही पातळ, पांढरी, टणक भांडी युरोपातले राजे चीन-जपानकडून जहाजानं मागवत. स्वतःला करायला जमेना. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं बोटगर नावाच्या तरुणाला कोंडून ठेवलं होतं, सोनं करून दे म्हणून! सोनं काही झालं नाही, पण १७०८ च्या सुमारास त्याला आणि त्याच्या जोडीच्या जाणकारांना या भांड्यांची कृती सापडली. केओलिन नावाची पांढरी माती आणि फार कडक भट्टी, हे ते गुपित. १७१० मध्ये माइसेन इथं कारखाना निघाला. त्याची खूण म्हणजे निळ्या रंगातल्या दोन आडव्या-तिडव्या तलवारी.

आम्हाला जास्त आवडली ती डेन्मार्कची गोष्ट. कोपनहेगनला १७७५ मध्ये असाच राजाश्रयाचा कारखाना सुरू झाला. त्यांची पहिली नक्षी पांढऱ्यावर निळी फुलं-पानं, आणि ती आजही चालू आहे. काम कसं चालतं ते ऐका. प्लेट एकदा भाजतात. ती टीपकागदासारखी रंग शोषून घेते. त्यावर कुंचल्यानं कोबाल्टचा रंग लावायचा. रेघ चुकली तर पुसता येत नाही. रांगोळी बरी, बोटानं झाडून पुन्हा काढता येते! शिवाय रंग लावताना तो निळा दिसतच नाही, काळपट दिसतो. मग वर काचेसारखा लेप देऊन सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत घातलं, की निळा उमलतो. जेवणाच्या एका प्लेटीला कुंचल्याचे १,१९७ फटकारे लागतात, असं कारखानाच सांगतो. विसाव्या शतकात हे निळं काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. आणि प्रत्येकीची छोटीशी खूण प्लेटीच्या पाठीवर असते, डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या दाखवणाऱ्या तीन लाटांच्या शेजारी. आपल्या गोधडीवर कुणी नाव घालत नाही, ते आम्हाला इथं आठवलं.

याच कारखान्यानं १७९० मध्ये 'फ्लोरा डॅनिका' हा जेवणाचा संच करायला घेतला. डेन्मार्कमधली रानफुलं एकेका भांड्यावर, आणि पाठीवर त्या झाडाचं लॅटिन नाव. बायर नावाच्या चित्रकारानं जवळजवळ सगळं एकट्यानं रंगवलं. काम थांबलं १८०२ मध्ये. सांगतात, की तोवर त्याची नजर पार अधू झाली होती. त्यातली भांडी आज कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग राजवाड्यात बघायला मिळतात. लाखांची भाषा असल्या कामाची. प्रत्येक जुन्या प्लेटीची नव्हे.

मग जमवणारी माणसं पारख कशी करतात? आधी प्लेट उजेडासमोर धरून मागून बोट फिरवायचं. बोटाची सावली दिसली तर ती खरी पोर्सिलेन असण्याचा संभव. न दिसली तर बहुधा साधी पांढरी माती. नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर कुठंतरी तडा असू शकतो. मग भिंग घ्यायचं. हाताच्या कामात एक पान दुसऱ्यासारखं नसतं, रंग कुठं गडद, कुठं फिका. छापलेल्या नक्षीत बारीक एकसारख्या रेघा आणि ठिपके दिसतात. शेवटी प्लेट उलटी करायची. कोपनहेगनच्या तीन लाटांवर आडवा ओरखडा असला, तर तो दुय्यम माल, कारखान्यानंच बाजूला काढलेला. माइसेनच्या तलवारींची तर इतक्यांनी नक्कल केली, की नुसत्या खुणेवर भरवसा ठेवून पैसे मोजू नयेत.

हे सगळं आम्ही आजींच्या प्लेटीवर करून बघितलं. बोट दिसलं नाही. भिंगाखाली रेघा आणि ठिपके. काठाच्या नक्षीत एके ठिकाणी वेल जुळलेलीच नाही, अर्धं पान खाली सरकलेलं. म्हणजे ही छापाची प्लेट. इंग्लंडात तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून ती पातळ कागदावर छापत आणि कागद प्लेटीवर चिकटवत. चिकटवण्याचं काम तिथंही बायकाच करत. हजारोंनी निघालेला माल. थोडीफार किंमत येते, पण टवका उडालेल्या एकटीला फारशी नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही आजींना बजावून सांगितली. असल्या जुन्या प्लेटींच्या लेपात बऱ्याचदा शिसं असतं. लेपावरून दिलेल्या जुन्या रंगांतही असू शकतं. आंबट लागलं की ते सुटतं आणि पोटात जातं. डोळ्यांना काही कळत नाही. लोणचं, चिंच, कोकम, दही, काही म्हणजे काही अशा भांड्यात ठेवू नका, आणि वर झाकूही नका. लहान मुलं, पोटुशी बाई घरात असेल तर मुळीच नाही.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्या अकराही छापाच्याच?" एकाच संचातल्या असतील तर छापाच्याच, आम्ही म्हणालो. "मग डबे काही महाग पडले नाहीत," म्हणून त्या हसल्या. मग कितीतरी वेळ ते न जुळलेलं पान बोटानं चाचपत बसल्या. "घाईत चिकटवलंन् वाटतं बाईनं," म्हणाल्या.

प्लेट आता फळीवर उभी आहे. बरणीला धुतलेल्या फडक्याचा दादरा बांधलाय.