जुना साउंडचा डबा नव्या लॅपटॉपवर चालत नाही? फेकण्याआधी हे करून पाहा

डोणगाव (ता. मेहकर) : भजनी मंडळ असो की लग्नाचं रेकॉर्डिंग करणारी पोरं, बऱ्याच जणांकडे यूएसबीवर चालणारा एक छोटा डबा असतो. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईकचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला द्यायचा, एवढंच त्याचं काम.

आमच्या मंडळाचा डबा बारा-तेरा वर्षांचा. विजेच्या कडकडाटात जुना कॉम्प्युटर गेला, नवा लॅपटॉप आला विंडोज ११ चा. डबा जोडला तर लाइट लागे, आवाज काही येईना. दुकानदार म्हणाला, फेका अन् नवा घ्या. इकडे काकड्याच्या जुन्या चाली येणारे आमच्यात एकच बुवा उरलेत, ऐंशीच्या पुढचे. कार्तिकात त्यांचा आवाज घ्यायचाच होता.

मग मीच बसलो. आधी समजून घ्यायची गोष्ट अशी की हे डबे दोन जातीचे असतात. काही डबे ठरलेल्या नियमाने बनतात, त्यांना वेगळं ड्रायव्हर लागत नाही. जोडले की कॉम्प्युटर ओळखतो. बाकीच्यांना कंपनीचं स्वतःचं ड्रायव्हर लागतं, म्हणजे डबा अन् कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. घोडं अडतं ते इथंच. विंडोज ११ फक्त ६४ बिटवर चालतं, त्यामुळे ३२ बिटचं जुनं ड्रायव्हर त्यावर बसतच नाही. सीडी जपून ठेवली असली तरी उपयोग नाही.

आपला डबा कोणत्या जातीचा, हे पाहायला स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा अन् डिव्हाइस मॅनेजर उघडा. नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हरची भानगड आहे. आमच्याकडे पिवळं काही नव्हतं, ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ असं साधं नाव दिसलं. म्हणजे डबा ओळखला होता! आवाज अडला होता दोन ठिकाणी. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बंद होती, अन् साउंडच्या इनपुटमध्ये लॅपटॉपचाच माईक निवडलेला होता. दोन्ही बदललं, दहा मिनिटांत काम झालं.

पिवळं चिन्ह असेल तर कंपनीच्याच साइटवर तुमच्या मॉडेलचं ६४ बिटचं ड्रायव्हर शोधा. विंडोज १० साठीचं असलं तरी पुष्कळदा चालतं. ‘फुकट ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या भलत्या साइटवर जाऊ नका, तिथून व्हायरस येतो. कधीकधी मेमरी इंटिग्रिटी नावाचं सुरक्षेचं सेटिंग जुनं ड्रायव्हर अडवतं. ते बंद करा असं कुणी सांगेल, पण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी तरी करणार नाही.

कंपनीनं ड्रायव्हर काढणंच सोडलं असेल तर लिनक्स पाहा. उबुंटू फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून विंडोजला हात न लावता चालवता येतं. पुष्कळ जुने डबे त्यात बिनड्रायव्हरचे चालतात. इन्स्टॉल करायचं बटण मात्र दाबू नका, नाहीतर असलेला डेटा जाईल.

केबल बदलून पाहायला विसरू नका. डबा मधेच बंद पडत असेल तर वेगळं पोर्ट किंवा स्वतःचा अॅडॉप्टर असलेलं यूएसबी हब लावा. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट लागतात, डब्यावरचं ते बटण चालू आहे ना, हेही बघा.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक घूं-घूं राहिली होती. अर्थिंगचा दोष. लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर घेतलं तर ती गेली. लोडशेडिंगच्या वेळी नाहीतरी बॅटरीवरच होतो म्हणा. बुवांच्या अकरा चाली घेऊन झाल्यात, बाकीच्या पहाटे त्यांचा गळा मोकळा असेल तशा घेऊ.