एंजिन पुनर्बांधणी व शक्तिवर्धन

झिजलेले अंतर्ज्वलन एंजिन पूर्णपणे सुटे करून, त्याच्या प्रत्येक भागाचे माप घेऊन आणि झिजलेले भाग दुरुस्त करून वा बदलून ते निर्मात्याने ठरविलेल्या मापांवर पुन्हा आणणे, यास पुनर्बांधणी म्हणतात. मूळ एंजिनात फेरबदल करून किंवा त्याजागी मोठे एंजिन बसवून गाडीची शक्ती निर्मात्याच्या मर्यादेपलीकडे नेणे, यास शक्तिवर्धन म्हणता येईल. एंजिन एकदा गाडीबाहेर काढले, की दोन्ही गोष्टींचा विचार मालकाच्या मनात एकदमच येतो. कारण उतरविण्या-चढविण्याची मजुरी दोन्हींना सारखीच पडते. हौशी शर्यतीच्या गाडीबाबत हा प्रश्न सोपा असतो. परंतु जी जोमदार गाडी रोज कामावर, बाजारात आणि परगावी नेली जाते, तिच्याबाबत तो पैसा, सुरक्षितता व कायदा या तिन्हींशी निगडित होतो.

वाशिम जिल्ह्यासारख्या भागात या प्रश्नाला वेगळी धार आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. उन्हाळ्यात येथील तापमान ४०° से.च्या वर जाते आणि काळ्या जमिनीतील बारीक धूळ शेतरस्त्यांवर दीर्घकाळ हवेत तरंगत राहते. उलटपक्षी, जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. हलक्या प्रवासी वाहनांना त्यावर ताशी १२० किमी. वेगाची मुभा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ८० किमी. ऐवजी १२० किमी. वेगाने जाताना केवळ हवेसाठी सु. ३·४ पट शक्ती खर्च होते, आणि तीही तासन्तास अखंडपणे. गावाभोवतीच्या फेऱ्यांत जी झीज लपून राहते, ती अशा रस्त्यावर तासाभरात उघडी पडते. निष्णात यंत्रशाळा गाठण्यास मात्र बहुधा अकोला, अमरावती किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंत जावे लागते.

महाराष्ट्रात पुनर्बांधणीची परंपरा जुनी आहे. मुंबईत कुर्ला येथे २००० सालापर्यंत तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाच्या गाडीत सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा होता. भोक मोठे करून, जाड दट्टे घालून तेच एंजिन पुनःपुन्हा वापरात आणले जाई. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात याला पर्यायही नव्हता. (विदर्भात ‘बोरिंग’ म्हटल्यावर आधी विंधन विहीर डोळ्यांपुढे येते, यंत्रशाळेतील ‘बोअर’ तो वेगळा.) पुढे राज्यातच वेगळ्या प्रकारच्या गाड्या तयार होऊ लागल्या. औरंगाबादनजीक शेंद्रा येथील कारखान्यातून आलेली व २००४ मध्ये बाजारात उतरलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हिचे १,७८१ घ. सेंमी., वीस झडपांचे एंजिन टर्बोचार्जरच्या साहाय्याने सु. १५० अश्वशक्ती देत असे. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या २०१३ च्या गाडीचे अवघे १,१९७ घ. सेंमी.चे एंजिन १०५ अश्वशक्ती देई. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि पुनर्बांधणी की शक्तिवर्धन हा प्रश्न मुख्यतः त्यांच्याबाबतच उद्भवतो.

निदान : निर्णयाची सुरुवात मापनाने झाली पाहिजे; बहुतेक चुकीचे निर्णय मापन न करता घेतलेले असतात. निष्कास नळीतून निळसर धूर आल्यास वंगण तेल जळत आहे, गोडसर वासाचा दाट पांढरा धूर आल्यास शीतक द्रव सिलिंडरात शिरत आहे आणि काळा धूर आल्यास इंधन प्रमाणापेक्षा अधिक जात आहे, असे सामान्यतः मानतात. परंतु निळ्या धुराचे कारण दट्ट्याच्या (पिस्टनच्या) झिजलेल्या कड्या असू शकते, झडपांच्या दांड्यांवरील कडक झालेली रबरी टोपणे असू शकते किंवा टर्बोचार्जरची गळतीही असू शकते. यांपैकी शेवटच्या दोहोंसाठी एंजिन फोडण्याची गरज नसते.

संपीडन चाचणीत प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजतात. आकड्याच्या उंचीपेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक महत्त्वाची असते. ती १०–१५ टक्क्यांहून जास्त असल्यास दोष आहे असे समजतात. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मापन केले आणि दाब वाढला, तर कड्या झिजल्या आहेत. न वाढल्यास संशय झडपांवर जातो. याहून नेमकी चाचणी गळतीची होय. दट्ट्या वरच्या टोकाला व दोन्ही झडपा बंद असताना सिलिंडरात दाबाखालील हवा सोडतात आणि ती कोठून निसटते हे ऐकतात. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आल्यास कड्या, निष्कास नळीत आल्यास निष्कास झडप, हवेच्या मार्गात आल्यास अंतर्ग्रहण झडप सदोष असते आणि प्रारणकात (रेडिएटरमध्ये) बुडबुडे आल्यास शीर्षाखालील गॅस्केट फाटलेले असते. एंजिन तापल्यावर तेलाचा दाब मोजणे आणि तेलाची जुनी गाळणी कापून तिच्या घड्यांत धातूचे कण आहेत का हे पाहणे, या दोन स्वस्त कृतींवरून भुजादंडाच्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील क्रँकच्या, धारव्यांची (बेअरिंगांची) स्थिती कळते. एवढे करण्यास एक दिवस पुरतो. हा दिवस वाचविण्यासाठी अनेकांनी चांगली एंजिने उघडली आहेत.

पुनर्बांधणी : एंजिन सुटे केल्यावर सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली, तसेच परस्परांशी काटकोनातील दोन दिशांना मोजतात. झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाशी, जेथे कडी थांबून उलटते तेथे, आढळते. धूळ आत गेलेल्या एंजिनात ती तेथे बोटालाही जाणवते. झीज थोडी असल्यास भिंतीवर तिरकस, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा घासून नव्या कड्या बसविणे पुरते. ती अधिक असल्यास भोक वाढवून ०·२५ वा ०·५० मिमी. जाड दट्टे घालतात. बिडाच्या ठोकळ्यात हे सहज जमते. ॲल्युमिनियमाच्या ठोकळ्यात पातळ लोखंडी अस्तर असते किंवा भिंतीवर कठीण लेप असतो, तेथे ते नेहमी शक्य नसते. भुजादंडही घासून लहान मापाचे धारवे बसविता येतात. काही आधुनिक एंजिनांतील बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. ते दुसऱ्यांदा वापरू नयेत. या नियमाकडे काटकसरीपोटी दुर्लक्ष होते आणि नवे शीर्ष-गॅस्केट काही महिन्यांत जाते.

पुनर्बांधणी म्हणजे जुन्याचीच नक्कल, असे मात्र नाही. पेट्रोलमधील इथेनॉलाचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आले. जुन्या रबरी इंधननळ्या व टोपणे त्याला टिकतीलच असे नसल्याने ती इथेनॉलरोधक द्रव्याची घालणे शहाणपणाचे ठरते. पाण्याचा पंप, उष्णता-नियंत्रक आणि झडपांचा पट्टा बदलणे, प्रारणक आतून साफ करणे यांनी शक्ती वाढत नाही. विश्वासार्हता मात्र वाढते. ऑक्टाव्हियासारख्या एंजिनात पट्टा तुटल्यास झडपा दट्ट्यांवर आदळतात व केलेले सर्व काम वाया जाते.

शक्तिवर्धन : सर्वांत प्रचलित प्रकार एंजिन नियंत्रक संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचार्जरचा दाब वाढविण्याचा आहे. त्यात एकही पाना लागत नाही, हेच त्याचे आकर्षण आणि हाच धोका. दाब वाढला, की सिलिंडरातील तापमान वाढते आणि साध्या पेट्रोलवर मिश्रण अवेळी पेटून ठोका पडतो; ठोक्याने दट्ट्यावरील कड्यांमधील कडा फुटतात. वाशिमच्या उन्हाळ्यात हे अंतर आणखी कमी होते. हवा २५° से. ऐवजी ४५° से. असेल, तर तिची घनता सु. ६ टक्क्यांनी घटते; म्हणजे विकत घेतलेल्या शक्तीचा काही भाग मे महिन्यात हवामानच परत घेते. बंद पेटीतील कागदी गाळणी काढून उघडी शंकूच्या आकाराची गाळणी बसविण्याची प्रथा तर या भागास सर्वथा प्रतिकूल होय. ती तापलेल्या एंजिनाजवळचीच हवा ओढते आणि तिची निगा चुकली, तर बारीक धूळ आत सोडते. वाढलेल्या आवाजाला वाढलेली शक्ती समजण्याचा भ्रम मात्र ती हमखास निर्माण करते.

शक्तीची साखळी सर्वांत दुबळ्या कडीएवढीच बळकट असते. पोलो जीटीचे मूळ परिबल (वळविणारी प्रेरणा) १७५ न्यूटन-मीटर व तिच्या सात गतींच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या दंतचक्रपेटीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. परिबल चाळीस टक्क्यांनी वाढविले, की निर्मात्याने राखलेली सवलत जवळजवळ संपते. दंतचक्रपेटीचा खर्च मग एंजिनापेक्षा कमी राहत नाही. ब्रेक व टायर यांचा हिशेब याखेरीज आहे. आणि झिजलेल्या एंजिनावर दाब वाढविणे म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याची उचल घेणे होय.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अशा बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुनर्बांधणीला ही आडकाठी नाही. त्याच जातीचे दुसरे एंजिन घालावयाचे झाल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन नवा एंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. ‘एमएच ३७’ मालिकेच्या गाड्यांसाठी हे काम वाशिमच्या परिवहन कार्यालयात होते. न कळविलेला फेरबदल अपघातानंतर विमा कंपनीच्या लक्षात आल्यास दावा अडचणीत येतो. मालकाचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा येथेच होते, दंडाने नव्हे.

रोजच्या गाडीबाबत यातून क्रम निघतो तो असा : चाचण्यांत एंजिन निरोगी आढळल्यास ते उघडू नये, झीज आढळल्यास प्रथम मूळ मापांवर पुनर्बांधणी करावी. गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल व सुटे भाग दुर्मिळ असतील, तर त्याच जातीचे, कागदपत्रांसह मिळणारे वापरलेले एंजिन तपासून घेणे परवडते. खरोखरच अधिक शक्ती हवी असणाऱ्यास ती कारखान्यातूनच घेऊन आलेली दुसरी गाडी बहुतेक वेळा स्वस्त पडते.

पुनर्बांधणीनंतरचे पहिले सु. एक हजार किमी. निर्णायक असतात. नव्या कड्या भिंतीशी बसण्यासाठी भार कमी-अधिक होणे आवश्यक असते. त्यामुळे या काळात एंजिन दीर्घकाळ रिकामे चालविणे आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर एकाच वेगाने दूरवर नेणे, ही दोन्ही टाळावीत. वाशिम–मंगरूळपीर–कारंजा यांसारखा गावे, वळणे व चढउतार असलेला मार्ग त्यासाठी अधिक योग्य ठरतो. पहिले तेल व गाळणी काही शे किमी. नंतरच बदलतात, त्या तेलात सुरुवातीस धातूची बारीक चमक दिसणे स्वाभाविक असते, दुसऱ्या बदलाच्या वेळी ती दिसू नये. त्यानंतर संपीडन चाचणी पुन्हा करून आकडे नोंदवून ठेवल्यास पुढील झीज त्यांच्याशी ताडून पाहता येते.