डोंगरावरचा रिपीटर आणि त्याचा प्रवेशस्वर

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. माथेरानच्या उतारांवर आणि घाटाच्या पायथ्याशी त्या विखुरल्या आहेत. पावसाळ्यात पायवाट तुटली की वाडी आणि तालुका यांच्यातील अंतर एकदम वाढते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली, तेव्हा तेथवर वाहनाचा रस्ता नव्हता. मदतपथके भर पावसात पायी चढली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरचा उपयोग होऊ शकला नाही. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले. अशा ठिकाणी डोंगरावरील माणसाचा शब्द खाली कसा पोहोचवावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दूरध्वनी बंद पडले असता परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या हातातील लहान संच साधारणतः ५ वॅट शक्तीचा असतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, आणि मध्ये डोंगराची सोंड आली की अडतात. यावर उपाय म्हणजे उंचावर बसविलेला रिपीटर. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर तेच अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. या पट्ट्यात दोन्ही कंप्रतांत बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात.

परंतु उंचावर बसलेल्या यंत्राला सारेच ऐकू येते. घाटमाथ्यावर मुंबईकडील लहरी येतात, तशाच पुण्याकडीलही. प्रत्येक खरखरीने रिपीटर जागा होऊ लागला, तर खऱ्या हाकेला वाट उरणार नाही. म्हणून रिपीटरला एक खूण शिकवून ठेवतात. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली संच एक मंद, अखंड स्वर मिसळतो. तो स्वर आढळला तरच रिपीटर दार उघडतो. हाच प्रवेशस्वर.

हे स्वर ठरलेले आहेत. प्रमाणित यादी ६७.० हर्ट्झपासून सुरू होते, ८८.५, १०३.५, १२३.० हे त्यांतील काही. मनुष्याच्या कानाला असा स्वर ऐकू येऊ शकतो; पण संचातील गाळणी सुमारे ३०० हर्ट्झखालील भाग ध्वनिक्षेपकाकडे जाऊ देत नाही, म्हणून संभाषणात तो जाणवत नाही. ही पद्धत अमेरिकेत रुजली. तेथील वीज ६० हर्ट्झची असल्याने १२० हा आकडा यादीत नाही, मात्र १००.० आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असून तिची गुणगुण नेमकी १०० हर्ट्झवर येते. तेव्हा नव्या रिपीटरसाठी तो स्वर टाळणे शहाणपणाचे.

संचात चार गोष्टी भराव्या लागतात: रिपीटरची प्रक्षेपण कंप्रता, दोन कंप्रतांमधील अंतर, ते अधिक की उणे याची खूण, आणि प्रवेशस्वर. स्वराच्या जागा मात्र दोन असतात, एक पाठविण्याची व एक ऐकण्याची, आणि घोटाळा येथेच होतो. रिपीटर उघडण्यास पाठविण्याचा स्वर पुरेसा आहे. ऐकण्याच्या जागीही तोच भरला आणि रिपीटर स्वतः स्वर सोडत नसला, तर आपला संच मुका राहतो. वरून कोणी साद घालीत असता खालचा माणूस सारे शांत आहे असे समजून बसतो. आणीबाणीत याहून वाईट चूक नाही. शंका असल्यास ही जागा रिकामी ठेवावी.

स्वरामुळे बोलणे गुप्त राहते, हा समजही खोटा आहे. स्वर न लावता ऐकणाऱ्याला सर्व काही ऐकू येते. म्हणून आधी ऐकावे, वाट मोकळी आहे ना हे पाहावे, मगच कळ दाबावी. आपले संबोधन सांगून कळ सोडल्यावर रिपीटरची क्षणभर रेंगाळणारी लहर ऐकू आली, तर दार उघडले असे समजावे. ती न आल्यास प्रथम पाठविण्याचा स्वर तपासावा, नंतर अंतर व खूण, आणि त्यानंतर जागा बदलून पाहावी. पाच-दहा पावले सरकल्याने डोंगराची आड पुष्कळदा सुटते.

प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असून तो परीक्षेनंतर मिळतो. ज्या पंचायतीच्या वा शाळेच्या परिसरात असा परवानाधारक आहे, तेथे जवळच्या रिपीटरचे हे चार आकडे कागदावर लिहून संचासोबत ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष वाडीतून एकदा हाक देऊन पाहावी.