लेकीच्या नावाची दहा झाडं

मैत्रिणींनो, जुलै महिना आला की गावोगाव झाडं लावण्याची एकच लगबग सुरू होते. शाळांतून फेऱ्या निघतात, खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, नारळ फुटतो. ही प्रथा काही आजकालची नव्हे. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडांचा ठरून गेला आहे.

पण खरं सांगू का, झाड लावणं हे बारशासारखं आहे. पाळणा सजवायचा, नाव ठेवायचं, पेढे वाटायचे, त्याला चार माणसं हौसेनं येतात. पुढची जागरणं मात्र आईनंच करायची! तसंच झाडाचं. जुलैत रोप लावायला दहा हात पुढे येतात, आणि एप्रिलमध्ये त्याला तांब्याभर पाणी घालायला घरची बाईच जाते. म्हणून सरकार झाडांसाठी काय देतं आणि काय देत नाही, हे आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं.

रोप मिळतं, पण कसं?

महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. जंगलाबाहेरची जागा, म्हणजे रस्त्याच्या कडा, गायरान, शाळेचं आवार, शेताचा बांध, इथे झाडं वाढावीत हा त्यामागचा उद्देश. या विभागाच्या रोपवाटिका तालुक्यातालुक्यांत असतात.

याच विभागामार्फत २०१८ साली ‘कन्या वन समृद्धी योजना’ सुरू झाली. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्माला आली की ग्रामपंचायतीत नोंद करायची आणि पुढच्या पावसाळ्यात दहा रोपं मोफत घ्यायची. सागाची पाच, आंब्याची दोन, आणि फणस, जांभूळ, चिंच यांचं एकेक. खड्डे आपण आधी खणून ठेवायचे. झाडं मोठी झाली की त्यांचं उत्पन्न मुलीचं शिक्षण, तिचं कौशल्य आणि तिचं लग्न यांच्या कामी यावं, अशी ही कल्पना.

कल्पना गोड आहे, यात वादच नाही. लेक झाली म्हणून तोंड वाकडं करण्याऐवजी तिच्या नावानं झाडं लावायची, याहून चांगलं काय? आपल्या भागात यंदा रोपं कधी मिळणार, याची चौकशी ग्रामसेवकाकडे मे महिन्यातच करून ठेवावी. पण रोपं घरी आणण्यापूर्वी घरखर्चाच्या वहीसारखा त्यांचा हिशेबही मांडून बघू या.

कोणतं झाड केव्हा हाताशी येईल?

आंबा कलमी असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरतो. पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी मन घट्ट करून खुडून टाकावा, म्हणजे झाड अंग धरतं. कोयीचं रोप असेल तर सात-आठ वर्षं थांबायला हवं. फणसालाही साधारण तेवढीच. जांभूळ आठ-दहा वर्षांनी, आणि चिंच दहा-बारा वर्षांनी. म्हणजे बघा, मुलगी पाचवी-सहावीत जाईतो घरात आंबे-फणस येऊ लागतील, आणि ती दहावीला बसेल तेव्हा चिंचही विकता येईल. तिच्या वह्या-पुस्तकांचा आणि कॉलेजच्या फीचा काही भार ही झाडं नक्की उचलतील.

सागाचं मात्र वेगळं आहे. वनखात्याच्या सागवनांत पूर्ण वाढीचा हिशेब साठ ते ऐंशी वर्षांचा असतो. शेतात, चांगल्या जमिनीत, पाण्यावर वाढवलेला साग वीस-पंचवीस वर्षांत तोडता येतो, पण त्यात टिकाऊ गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. त्याला जुन्या सागाचा भाव कसा यावा? १९९० नंतरच्या काही वर्षांत ‘सागाच्या मळ्यात पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा’ अशा थाटाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत सर्रास दिसत. कित्येकांचे पैसे त्यात बुडाले, आणि १९९९ साली अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीला नियमावली करावी लागली. तेव्हा ‘पाच साग लावले, आता लग्नाची काळजी मिटली’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. साग ही म्हातारपणाची ठेव समजा. मुलीच्या विशीत खरा उपयोग फळझाडांचाच.

आणि लग्नाचंच कशाला घेऊन बसायचं? झाडाचे पैसे आले की ते आधी तिच्या शिक्षणाला, मग तिच्या हातातल्या कलेला. लग्न सर्वांत शेवटी. योजनेत शिक्षणाचं नाव आहे, ते आपणच पुढे ठेवायचं.

झाड कोणाचं?

आता जरा नाजूक गोष्ट. झाड लेकीच्या नावानं लावलं, पण ते तिचं होतं का? कायद्याच्या दृष्टीनं जमिनीत रुजलेलं झाड जमीनमालकाचं. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर झाड वडिलांचं, आणि उद्या जमीन भावांच्या नावावर झाली तर झाड भावांचं. लेक सासरी गेली की ‘तिच्या नावाचा आंबा’ एवढीच आठवण उरते, आणि आंबे खातात दुसरेच!

कायदा मात्र लेकीच्या बाजूला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ सालीच केली. केंद्रानं ती २००५ साली देशभर केली. वडील २००५ पूर्वीच वारलेले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. आणि सुनांसाठी? नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं, यासाठी राज्यात १९९२ सालापासून ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. मात्र तो नवऱ्यानं करायचा असतो, म्हणून आधी घरातली समजूत घालायला हवी. ती कशी घालायची हे मी तुम्हांला काय सांगावं!

दुसरी गोष्ट नोंदीची. महाराष्ट्रात १९६४ सालच्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याला झाडांची एक यादी जोडलेली आहे. त्या यादीतलं झाड स्वतःच्या शेतात असलं तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. साग, आंबा, फणस, जांभूळ आणि चिंच, ही पाचही झाडं त्या यादीत आहेत! म्हणजे योजनेतून मिळालेलं प्रत्येक झाड तोडताना वनखात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करणं आलं, आणि सागाचं लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा पासही आला. त्या वेळी पहिला प्रश्न असतो, झाडाची नोंद कुठे आहे? म्हणून रोप जगलं की त्याची नोंद सातबाऱ्याच्या पीकपाहणीत करून घ्यावी. २०२१ सालापासून शेतकऱ्याला मोबाईलवरून स्वतः ई-पीक पाहणी करता येते, त्यात बांधावरची झाडंही लिहिता येतात. घरात शिकणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडेच सोपवावं. आपली झाडं कुठे लिहिली आहेत, ते तिला लहानपणीच कळेल.

लावल्याचे पैसे की जगवल्याचे?

सरकारी मदतीचं खरं मर्म इथे आहे. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात फळझाडं लावावीत आणि मजुरीचा भार सरकारनं उचलावा, अशी ती योजना. कोकणातल्या कातळावर आणि मराठवाड्याच्या माळावर आज ज्या बागा दिसतात, त्यांतल्या कितीतरी तिच्यातून उभ्या राहिल्या. पुढे २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावानं फळबाग योजना सुरू झाली. तिच्यात अनुदान एकदम हातात न देता तीन वर्षांत द्यायचं ठरलं: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. आणि पुढचा हप्ता हवा तर बागायती झाडं निदान ९० टक्के व कोरडवाहू निदान ८० टक्के जगलेली हवीत.

ही अट कडक वाटते, होय ना? पण मला ती फार शहाणपणाची वाटते. ती झाड मोजते, खड्डा नव्हे. याच्या उलट उदाहरण बघा. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला गेला. लाखो लोकांनी मनापासून हातभार लावला. पण नंतर वाद झाला तो त्यांतली जगली किती, याचाच. शेवटी २०२१ साली त्यासाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. कोटींचा आकडा ऐकायला भारदस्त असतो, पण सावली आकड्याची पडत नाही, झाडाचीच पडते.

गावचं रान आणि बायका

शेत नसलेल्या, पण रानाच्या आधारानं जगणाऱ्या बहिणीही आहेतच. सरपण, मोहाची फुलं, तेंदूपानं, हिरडा, हे सारं गोळा करणाऱ्या बहुतेक बायकाच. १९९० साली केंद्र सरकारनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन वन राखण्याचं धोरण जाहीर केलं. गावानं राखण करायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानं तर रानाची राखण आणि व्यवस्था हा ग्रामसभेचा हक्कच मानला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली तिथल्या ग्रामसभेनं स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला.

या कायद्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवायच्या. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. ग्रामसभेला जमलेल्यांतही निदान एक तृतीयांश बायका हव्यात. आणि विवाहित जोडप्याला वनजमिनीचा हक्क मिळाला तर तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. ‘आम्ही काय बोलणार सभेत’ असं म्हणून घरी बसलो, तर रानात काय लावायचं हे दुसरेच ठरवतील. लाकडासाठी नुसता साग लावायचा की मोह, हिरडा, बेहडाही राखायचा, हे सरपणासाठी मैलभर चालणारीलाच खरं कळतं.

शहरातल्या मैत्रिणींनीही हे आपलं नव्हे असं समजू नये. शहरी भागासाठी १९७५ सालचा वेगळा कायदा आहे. सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. पार्किंगसाठी कुणी झाडावर कुऱ्हाड उचलली तर ‘परवानगीचा कागद दाखवा’ एवढं एक वाक्य पुरतं.

घरच्या घरी एवढं करा

शेवटी थोडं रोजच्या कामाचं.

• खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. आंबा-फणसासाठी हातभर नव्हे, चांगला तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा हवा. सागाला दीड फुटाचा पुरतो. तळाशी पालापाचोळा, वर शेणखत आणि माती.

• दोन आंब्यांमध्ये तीस फूट अंतर ठेवावं. आज रिकामं दिसतं, पण पंधरा वर्षांनी फांद्या एकमेकींत शिरतात. शेजाऱ्याच्या बांधाला अगदी लागून झाड लावू नये. सावलीवरून भांडण ठरलेलं. विजेच्या तारांखालीही लावू नये.

• शेळ्यांपासून राखण म्हणून बोरी-बाभळीच्या काटक्यांचं कुंपण सर्वांत स्वस्त.

• उन्हाळ्यासाठी जुनं मडकं घ्यावं. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घालावी आणि मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावं. आठवड्यातून दोनदा भरलं की मुळांशी ओल टिकते. आळ्यात पालापाचोळा पसरावा.

• तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी परसातल्या रोपाला खुशाल घालावं. साबणाचं पाणी मात्र कोवळ्या रोपाला नको.

• सागाच्या खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढाव्यात, म्हणजे खोड सरळ वाढतं.

आणि एक वही करा. पहिल्या पानावर लेकीचं नाव, खाली दहा झाडं. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येकासमोर ‘आहे’ किंवा ‘गेलं’ असं लिहायचं, गेलेल्याच्या जागी नवं रोप लावायचं, आणि त्याच वहीत सातबाऱ्याचा ताजा उतारा ठेवायचा. मुलीला अक्षरं लागली की वही तिच्या हाती द्या. त्या उताऱ्यावर कोणाची नावं आहेत हे ती एक ना एक दिवस वाचेलच. आपली लेक विचारील, ‘आई, यात तुझं नाव कुठाय?’ तेव्हा बोट ठेवून दाखवता यावं, एवढी तयारी आजपासून करू या.