उत्तर दिलंस, आता प्रश्न विचार

आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा गावांत अभ्यासिकेतून खोलीवर परतलेली मुलं रात्री जेवणं आटोपली की फोनवर एक खेळ खेळतात. गटात कुणीतरी सामान्य ज्ञानाचा प्रश्न टाकतं, बाकीचे उत्तरं देतात आणि ज्याचं उत्तर बरोबर येईल त्याने पुढचा प्रश्न विचारायचा. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी यांच्या तयारीला लागलेल्या कुणालाही हे नवं नाही. पण असे गट जितक्या उत्साहाने सुरू होतात तितक्याच लवकर थंडावतात, कारण दोन गोष्टी कुणी नीट ठरवलेल्या नसतात: नंबर कसा फिरवायचा आणि प्रश्न कसा बांधायचा.

त्याआधी, विचारणारा बदलत राहणं इतकं महत्त्वाचं का, ते पाहू. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला मुलांच्या फोनवर प्रश्न यायचे, मुलं उत्तराचा पर्याय पाठवायची. चांगलं काम होतं ते. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० सालापासून घरोघरी पाहिलं जातं. २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी त्यात एक कोटी रुपये जिंकले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी ते करून दाखवलं, याचा वऱ्हाडातल्या माणसाला अभिमान वाटलाच पाहिजे. पण या दोन्ही ठिकाणी विचारणारा ठरलेला असतो आणि समोरच्याने फक्त उत्तर द्यायचं असतं. आळीपाळीच्या खेळात उत्तर देणाऱ्याला लगेच दुसऱ्या बाजूला यावं लागतं, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच होतो.

एक अगदी साधा प्रश्न घ्या. वाशिम जिल्हा कधी झाला? उत्तर देणाऱ्याला १ जुलै १९९८ ही तारीख पाठ असली की काम भागतं. विचारणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. तो थोडा खोलात गेला तर त्याला कळतं की इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचे सहा जिल्हे होते आणि त्यांतला एक वाशिमच होता. इंग्रजी कागदांत त्याला ‘बासीम’ म्हणत. १९०५ मध्ये तो मोडला. काही भाग अकोल्याला जोडला गेला, तर पुसदकडचा भाग यवतमाळकडे गेला. पुढे १९९८ मध्ये अकोला जिल्ह्याचे तुकडे होऊन आजचा वाशिम जिल्हा झाला. म्हणजे ‘पहिल्यांदा कधी झाला’ असं विचारलं तर १९९८ हे उत्तर चुकीचं ठरतं. प्रश्नात ‘आजचा’ हा एक शब्द घालावा लागतो. तो शब्द घालायला हवा हे ज्याला कळलं, त्याला जिल्ह्याचा इतिहास कळला.

आता नंबर कसा फिरतो ते. सगळ्यांत सोपी रीत म्हणजे जिंकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायचा. ती चालू करायला कुणाला काही सांगावं लागत नाही, पण तिच्यात एक दोष आहे. गटात दोघे-तिघे हुशार असतील तर प्रश्न त्यांच्यातच फिरतो आणि उरलेले नुसते वाचत बसतात. दुसरी रीत यादीची: गटातल्या सगळ्यांची नावं क्रमाने लावायची, आज अमुक, उद्या तमुक. यात सगळ्यांना संधी मिळते, पण ज्याचा नंबर आहे तो शेतात किंवा प्रवासात असला की खेळ अडतो. मला दोन्हींची मिसळ बरी वाटते. जिंकणाऱ्यानेच विचारावं, पण सलग दोनदा जिंकला तर तिसरा नंबर त्याने ज्याने अजून विचारलेलं नाही अशा कुणाला तरी नाव घेऊन द्यावा. ज्याच्याकडे नंबर आहे त्याने उद्या रात्रीपर्यंत प्रश्न टाकला नाही तर जो आधी टाकेल त्याचा प्रश्न धरावा. एवढे दोन नियम पहिल्याच दिवशी लिहून गटाच्या वर्णनात ठेवले की निम्मी भांडणं मिटतात.

उरलेली भांडणं ‘आधी कोण’ यावरून होतात. व्हॉट्सॲपवर रेंज कमी असलेल्या गावातून पाठवलेलं उत्तर घड्याळाच्या खुणेवर अडकून राहतं. पाठवणाऱ्याच्या फोनवर ते वर दिसतं, इतरांच्या फोनवर दुसऱ्याच्या उत्तराखाली. दोघेही खरं बोलत असतात. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याच्या फोनवर जो क्रम दिसेल तोच अंतिम, असं ठरवून टाकावं. शिवाय मे २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. दुरुस्त केल्याची खूण तिथे उमटते. ती खूण असलेलं उत्तर बाद.

पण मुळात वेगाची शर्यत लावूच नये, असं मला मनापासून वाटतं. कुणाकडे नवा फोन आणि वायफाय असतं, तर कुणी घरच्यांचा फोन घेऊन अंगणात रेंज शोधत असतं. वेगाने त्यांच्यातला अभ्यास मोजला जात नाही. प्रश्न संध्याकाळी सातला टाकावा, उत्तरं नऊपर्यंत विचारणाऱ्याच्या खासगी खात्यावर पाठवावीत आणि नऊला विचारणाऱ्याने सगळी नावं व उत्तरं गटात मांडावीत. बरोबर उत्तरं अनेकांची आली तर गुण सगळ्यांना; पुढचा प्रश्न त्यांच्यापैकी ज्याने सर्वांत कमी वेळा विचारला असेल त्याचा.

पर्यायांचे प्रश्न हवे असतील तर टेलिग्राम जास्त सोयीचं. जानेवारी २०२० मध्ये तिथे प्रश्नमंजुषेची सोय आली. प्रश्न आणि पर्याय लिहायचे, बरोबर पर्यायावर खूण करायची, वाटल्यास खाली छोटं स्पष्टीकरण जोडायचं. आपण पर्याय निवडेपर्यंत इतरांनी काय निवडलं ते दिसत नाही आणि एकदा निवडलं की बदलता येत नाही. व्हॉट्सॲपवर २०२२ च्या अखेरीला मतचाचणी आली, तिच्यात बारापर्यंत पर्याय देता येतात; पण ती मत घेण्यासाठी आहे. कुणी काय निवडलं ते इतरांना दिसतं, मत बदलताही येतं. उत्तरं तपासायला ती वापरू नये.

मग येतो प्रश्न बांधण्याचा भाग. यावर जास्त वेळ घालवावा, कारण खेळ याच भागावर टिकतो.

पहिली अट: उत्तर एकच निघालं पाहिजे. आपला जिल्हा या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. ‘मालेगाव कोणत्या जिल्ह्यात आहे?’ असं विचारलं की नाशिकही बरोबर आणि वाशिमही बरोबर. ‘कारंजा’ म्हटलं तर आपलं कारंजा लाड की वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे? ‘शिरपूर’ म्हटलं तर धुळे जिल्ह्यातला तालुका की आपल्या मालेगाव तालुक्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर जैन? गटात कुणीतरी लगेच लिहितं, “दादा, कोणतं मालेगाव?” हा प्रश्न आला तर समजावं की आपली मांडणी कच्ची आहे. प्रश्न टाकण्यापूर्वी तो स्वतःशीच एकदा मोठ्याने वाचावा आणि आपल्या उत्तराखेरीज दुसरं कोणतं उत्तर बसतं का, ते शोधावं. ‘महाराष्ट्रातील सर्वात लांब नदी किती लांब?’ यातही हीच अडचण. गोदावरी पूर्ण मोजायची की फक्त राज्यातली? पूर्ण लांबी १,४६५ किलोमीटर, राज्यातली ६६८.

दुसरी अट: उत्तराला काळाची खूण असावी. ‘राज्यात किती जिल्हे?’ याचं उत्तर १९६० साली २६ होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ते ३६ आहे. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलला की नाव जुनंच येतं. ‘सध्या’, ‘नुकतंच’ हे शब्द टाळावेत आणि सरळ साल लिहावं.

तिसरी अट जरा अवघड, पण हीच मला सगळ्यांत आवडते: प्रश्नातच उत्तराकडे जाणारी वाट असावी. ज्याला तारीख पाठ नाही त्यालाही विचार करून पोहोचता आलं पाहिजे. उदाहरण देतो. ‘नंदुरबार जिल्हा कधी झाला?’ हा कोरडा प्रश्न. आता तोच असा मांडा: ‘महाराष्ट्र ज्या तारखेला कृषी दिन पाळतो, त्याच तारखेला १९९८ मध्ये राज्यात दोन नवे जिल्हे झाले. एक विदर्भात, दुसरा खानदेशात. दोन्ही ओळखा.’ कृषी दिन म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती, १ जुलै, हे एकाला माहीत असतं. दुसऱ्याला ती तारीख ठाऊक नसते, पण खानदेशातले जिल्हे तो बोटांवर मोजतो: जळगाव, धुळे, नंदुरबार, आणि यांतला नवा कोणता ते त्याला सुचतं. वाशिमचं नाव तर समोरच आहे. दोघांनी दोन वाटांनी उत्तर काढलं. मग जोडप्रश्न टाकता येतो: २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यात हे दोन्ही जिल्हे होते; महाराष्ट्रातले उरलेले दोन कोणते? गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद.

गुगल करून उत्तर देतात, अशी तक्रार प्रत्येक गटात असते. बंदी घालून ती थांबत नाही, कारण बंदी तपासणार कशी? त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या असलेला प्रश्न बांधावा. ‘अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. तो ज्या राजाचा मंत्री होता, त्या राजाच्या शाखेची राजधानी आज कोणत्या जिल्ह्याचं ठिकाण आहे?’ वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री, हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशिम. शोधणाऱ्यालाही या पायऱ्या एकापुढे एक लावाव्या लागतात आणि लावता लावता त्या लक्षात राहतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला अख्खा प्रश्न दिला तरी उत्तर मिळतं, हेही खरं. म्हणून उत्तरासोबत ‘कसं काढलं’ याची एक ओळ मागावी. ती ओळ स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलेलं असतं, मग त्याने शोधून का लिहिली असेना.

पर्याय देताना चुकीच्या पर्यायांची निवडही जपून करावी. ‘१९९८ मध्ये वाशिम कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला?’ याला सांगली, रत्नागिरी, अकोला, पालघर असे पर्याय दिले तर सातवीतलं लेकरूही न वाचता सांगेल. अकोला, बुलढाणा, यवतमाळ, हिंगोली दिले तर विचार करावा लागतो, कारण चारही आपल्या सीमेला लागून आहेत. हिंगोली मात्र १९९९ मध्ये परभणीतून निघाला. ज्याला हे ठाऊक आहे तो एक पर्याय लगेच खोडतो, आणि पर्याय खोडता येणं हीसुद्धा परीक्षेतली मोठी विद्या आहे.

चुकीच्या उत्तराला गुण कापावेत का? एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत एका चुकीला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो, यूपीएससीत तिसरा हिस्सा. गणित करून पाहा. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकत गेलात तर चारांत सरासरी एक बरोबर, तीन चूक. तिसरा हिस्सा कापला तर एक मिळाला आणि एक गेला, हाती शून्य. चौथा हिस्सा कापला तर पाऊण गेला, पाव उरला. आणि एक पर्याय खात्रीने खोडता आला तर दोन्हीकडे अंदाज करणं फायद्याचं ठरतं. परीक्षेच्या तयारीचा गट असेल तर हे कापणं ठेवावं. घरच्या गटात, जिथे आजी आणि सातवीतली नात एकत्र खेळतात, तिथे अजिबात ठेवू नये. चुकण्याची भीती बसली की माणूस गप्प होतो.

वाद होणारच. त्यासाठी प्रश्न टाकण्याआधीच विचारणाऱ्याकडे उत्तराचा आधार असावा: बालभारतीचं पुस्तक, मराठी विश्वकोश, जिल्ह्याचं शासकीय संकेतस्थळ, जनगणनेचे आकडे. वाशिमचा जुना इतिहास हवा असेल तर अकोला जिल्ह्याचं गॅझेटियर उघडावं, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा वाशिम अकोल्यातच होता. फिरत फिरत आलेल्या नोट्सचा फोटो हा आधार नव्हे; एका नोटमधली चूक पन्नास नोट्समध्ये उतरलेली असते. आक्षेप घेणाऱ्यानेही आपला आधार दाखवावा. दोन्ही आधार पक्के निघाले तर दोघांना गुण द्यावेत आणि प्रश्न नव्याने बांधून वहीत लिहावा. ही वही, म्हणजे सगळ्यांना उघडता येईल अशी एखादी शीट, गटाची खरी कमाई. प्रश्न, उत्तर, आधार, विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख, एवढे रकाने पुरतात.

सुरुवातीला सात-आठ जण पुरेत. त्यांत एखादी तरी मुलगी किंवा मुलगा असा असतोच, जो उत्तरं भराभर देतो पण नंबर आला की “मला नाही सुचत” म्हणतो. त्याला पुस्तक उघडायला सांगू नये, गावाबद्दल विचारायला सांगावं. पोहरादेवीकडची मुलगी सेवालाल महाराजांबद्दल विचारेल. कारंज्याचा मुलगा विचारेल की मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणाऱ्या आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीला लोक काय म्हणत? शकुंतला. किंवा नृसिंहवाडी आणि गाणगापूर ज्यांच्यामुळे ओळखली जातात, त्या नृसिंह सरस्वतींचा जन्म कुठला? कारंज्याचाच. कुणी आपल्या गावच्या ओढ्याचं नाव विचारेल, तो पुढे कोणत्या नदीला मिळतो ते विचारेल. असल्या प्रश्नाचा आधार छापील पुस्तकात मिळणार नाही. त्याच गावच्या आणखी एका जाणत्या माणसाने “बरोबर आहे” म्हटलं की गटाने तेवढं मान्य करावं आणि वहीत आधाराच्या रकान्यात त्या गावाचं नाव लिहावं.