उकळलेले पाणी आणि दातांवरील डाग

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत मुलांच्या समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग आढळतात. घरची मंडळी मुलाच्या आळसाला बोल लावतात. मुलगी उपवर झाली की पाहुण्यांच्या मनात भलतीच शंका येते. वस्तुतः हे डाग बाहेरून चढलेले नसतात. हिरडीआड दात घडत असतानाच ते दंतवल्कात उतरलेले असतात.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली दवाखाना थाटणाऱ्या डॉ. फ्रेडरिक मॅके यांना असेच डाग दिसले. त्यामागील द्रव्य पाण्यातील फ्लोराइड आहे, हे उमगायला मात्र १९३१ साल उजाडले.

खडकांतून हे द्रव्य बोअरच्या पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत मुभा. जैन घरांत पाणी गाळून, उकळून पितात. त्यामागे जीवदया आहे आणि जंतूंपासून रक्षणही होते. परंतु फ्लोराइड हा जीव नव्हे, खनिज आहे. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण किंचित वाढते. उकळण्यापूर्वी पाण्याची तपासणी हवी. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. तुरटी व चुना वापरण्याची ‘नलगोंडा’ पद्धत तर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच विकसित केली.

सगळेच डाग फ्लोराइडचे नसतात. दुधाच्या दातांसह सर्व दात सदोष असतील आणि वडील किंवा आजीलाही तोच त्रास असेल, तर दोष आनुवंशिक असू शकतो. केवळ पहिल्या कायमच्या दाढा व पुढचे दात, तेही कमीअधिक बिघडलेले असतील, तर प्रकार निराळा. फ्लोराइडचे डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर साधारण सारखे उमटतात. म्हणून व्यापारानिमित्त गाव बदललेल्या कुटुंबाने, मूल आठ वर्षांचे होईपर्यंत कोठले पाणी प्याले, हे दंतवैद्यांना आवर्जून सांगावे.

सौम्य डाग पृष्ठभाग किंचित घासून वा ब्लीचिंगने फिके होतात. खोल डागांवर दाताच्या रंगाचे कंपोझिट बसवता येते. लग्न ठरले म्हणून घाईने सारे दात कोरून कॅप बसवणे मात्र शहाणपणाचे नाही. कोरलेले दंतवल्क पुन्हा येत नाही.

पाणी बदलल्याने थोरल्याचे डाग जाणार नाहीत. पाळण्यातल्या धाकट्याचे कायमचे दात मात्र अजून घडत आहेत.